जुन्या ट्रॉलर बोटीची पारख

मासेमारी ट्रॉलरच्या घाटाची, पण राहण्यासाठी आणि लांबच्या संथ प्रवासासाठी बांधलेली खासगी बोट पाश्चात्त्य देशांत ट्रॉलर याच नावाने ओळखली जाते. साधारण ३० ते ५० फूट लांबी, एक किंवा दोन डिझेल इंजिने, उंच नाळ, ऐसपैस केबिन, तळाला पुढून मागपर्यंत गेलेला कणा आणि ७-८ नॉटची चाल ही तिची लक्षणे. ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला लागणाऱ्या ट्रॉलरशी तिचे साम्य रूपापुरतेच. हिच्यावर जाळी आणि बर्फाचे खण नसतात. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असते. अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर अशा बोटी मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या पुष्कळ १९७० आणि १९८० च्या दशकांत हाँगकाँग, सिंगापूर आणि तैवानमध्ये बांधल्या गेल्या आणि आतापर्यंत अनेक मालकांच्या हातांतून गेल्या आहेत.

हाँगकाँगच्या अमेरिकन मरीन या कारखान्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केनेथ स्मिथ या आरेखकाकडून ‘स्प्रे’ नावाची ३६ फुटी डिझेल बोट आखून घेतली. तिच्यातून ग्रँड बँक्स ही मालिका निघाली आणि ट्रॉलर बोटीचे रूप लोकांच्या मनात ठरून गेले. १९७३ पर्यंत ग्रँड बँक्स लाकडाच्या असत. त्या वर्षी कारखाना फायबरग्लासकडे वळला. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले रॉबर्ट बीबी यांनी १९६३ मध्ये ‘पॅसेजमेकर’ ही ५० फुटी बोट सिंगापूरला बांधून घेतली आणि लहान मोटरबोटीने महासागर ओलांडता येतो हे दाखवून दिले. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७५ मध्ये आले. मागणी वाढली तसे तैवानमध्ये अनेक कारखाने या धंद्यात उतरले. तिथली मजुरी स्वस्त होती, सागवान हाताशी होते आणि सुतार तरबेज होते. फायबरग्लासचे काम मात्र त्यांच्यापैकी अनेकांना नवे होते. त्या काळच्या तैवानी बोटींचे गुण आणि दोष दोन्ही इथूनच येतात. आतले लाकूडकाम डोळ्यांत भरण्याजोगे असते आणि त्याच्या मागे झाकलेले फायबरग्लासचे काम कुठे उत्तम, तर कुठे कच्चे असते.

जुनी बोट पाहताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. आरेखन, म्हणजे ती कोणत्या पाण्यासाठी कशी आखली आहे. बांधणी, म्हणजे आखलेले प्रत्यक्षात किती प्रामाणिकपणे उतरवले आहे. आणि अवस्था, म्हणजे आज ती कशी आहे. ताजा रंग आणि नव्या गाद्या पाहून अवस्थेबद्दलसुद्धा फारसे काही कळत नाही. बांधणीबद्दल तर काहीच कळत नाही. बांधणी दिसते ती जिथे कोणी पाहणार नाही असे बांधणाऱ्याला वाटले होते तिथे: जमिनीच्या फळ्यांखाली, कपाटाच्या पाठीमागे, नांगराची साखळी ठेवायच्या खणात. तिथे प्लायवुडच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्या आहेत की उघड्या आहेत, फायबरग्लासचे काटे हाताला लागतात की पृष्ठभाग नीट घासलेला आहे, बोल्टमागे जाड पट्टी आहे की नुसता वायसर, एवढ्यावरून कारखान्याची शिस्त ओळखू येते. आणि समुद्रावरच्या कोणत्याही बोटीत बांधणीची खरी परीक्षा पाणीच घेते. पाणी कुठून शिरू शकते, शिरल्यावर कुठे साचते आणि साचलेले कोणाला दिसते का, या तीन प्रश्नांचा माग काढत गेले की बहुतेक दोष हाती लागतात.

नावावर भिस्त ठेवू नये. तैवानमध्ये जवळजवळ एकाच आरेखनाच्या ३४ फुटी बोटी वेगवेगळ्या कारखान्यांत बांधल्या जात आणि अमेरिकेत सीएचबी, मरीन ट्रेडर अशा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जात. कारखान्यावर कोणाची देखरेख होती आणि आयात करणाऱ्याने किमतीत किती ताणून धरले होते, यावर त्या बोटीचा दर्जा ठरे. म्हणून एकाच नावाच्या दोन बोटींत मोठा फरक आढळतो. बोट कोणी आणि कधी बांधली हे तिच्या ओळखक्रमांकावरून कळते. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीवर १२ अक्षर-अंकांचा असा क्रमांक बंधनकारक आहे. तो बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर उजवीकडे असतो आणि त्यातली पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची असतात. कागदपत्रांतला क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर पुढचे काही पाहण्याआधी त्याचा खुलासा मागावा.

युरोपात १९९८ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या बोटींना चार वर्गांत बसवावे लागते. त्यातला ‘अ’ वर्ग महासागरासाठीचा, म्हणजे बोफर्ट मापनातल्या ८ हून अधिक जोराचा वारा आणि ४ मीटरहून उंच लाटा यांसाठीचा. हा शिक्का उपयोगाचा आहे, पण तो नव्या बोटीच्या आरेखनाविषयी बोलतो. वीस वर्षांनी तिच्या डेकमध्ये काय चालले आहे ते तो सांगू शकत नाही.

तपासणी लांबून सुरू करावी. बोट पाण्याबाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली असताना नाळेजवळ उभे राहून बाजूच्या पृष्ठभागावरून तिरकी नजर टाकावी. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात चढउतार लगेच दिसतात. चांगल्या बांधणीत हा पृष्ठभाग एकसंध वाहता दिसतो. आतल्या आडव्या भिंती जिथे येतात तिथे बाहेरून उभी उंचवट्याची रेघ दिसत असेल, तर ती भिंत फायबरग्लासला थेट टेकवली आहे आणि लाटेच्या प्रत्येक मारात तो पातळ पडदा त्या धारेवर वाकतो आहे. बारीक केसासारख्या तड्यांकडेही असेच पाहावे. पृष्ठभागावर जागोजाग विखुरलेले तडे बहुधा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, जाड झाल्यामुळे पडतात. पण एखाद्या कोपऱ्यातून किंवा कठड्याच्या खांबापासून पंख्यासारखे पसरणारे तडे मात्र तिथे काहीतरी वारंवार हलते आहे हे सांगतात.

पाण्यात बसणारा मुख्य भाग, ज्याला बोटवाले हल म्हणतात, तो त्या काळात बहुधा घन फायबरग्लासचा असे. काचेच्या चटया आणि जाड विणलेले काचकापड एकाआड एक घालून, रेझिनमध्ये भिजवून, हाताने रोलर फिरवून तो बांधला जाई. जाडी मोजायचा सोपा पुरावा अनेक बोटींवर आपसूक मिळतो. नवे यंत्र बसवताना तळाला भोक पाडले की त्यातून रुपयाच्या नाण्याहून मोठी चकती निघते आणि काळजी घेणारे मालक ती एखाद्या खणात जपून ठेवतात. ती हातात घेऊन कडेकडून पाहावी. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असावेत, मध्ये हवेचे फुगे किंवा पांढरट कोरडे काचधागे असू नयेत. वजन आणि जाडी म्हणजे दर्जा, असे मात्र मानू नये. रेझिन जास्त आणि काच कमी असलेला जाड थर हा नेटक्या पातळ थरापेक्षा ठिसूळ असतो.

तळाला येणाऱ्या फोडांची खरेदीदारांना फार धास्ती असते. फायबरग्लास पूर्णपणे जलरोधक नाही. पाण्याचे रेणू जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतात आणि पॉलिएस्टर रेझिनमधले पाण्यात विरघळणारे अंश त्यांत मिसळतात. या दाट द्रावणाकडे बाहेरचे आणखी पाणी ओढले जाते, दाब वाढतो आणि पृष्ठभागावर फोड उठतो. फोड फोडला तर व्हिनेगरसारख्या आंबट वासाचा चिकट द्रव बाहेर येतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बाहेरच्या थरात व्हिनिलएस्टर रेझिन वापरण्याची पद्धत वाढली आणि हा त्रास बराच कमी झाला. त्याआधीच्या बोटीवर थोडे उथळ फोड असणे अपेक्षितच आहे. ते उघडून, वाळवून इपॉक्सीने भरता येतात आणि त्यांच्यामुळे बोट सहसा धोक्यात येत नाही. जेलकोटच्या खाली, काचकापडाच्या थरांमध्ये गेलेले खोल फोड आणि सुटलेले थर यांची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरचा थर सोलून, महिनोन्‌महिने वाळवून नव्याने थर चढवावे लागतात आणि तो खर्च स्वस्तात मिळालेल्या बोटीच्या किमतीशी स्पर्धा करतो. फोडांपेक्षा डेक आणि इंधनटाक्या यांच्याकडे कितीतरी जास्त लक्ष द्यायला हवे, कारण या वयाच्या बोटी बहुतेक तिथेच हार मानतात.

डेक हलसारखा घन नसतो. फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये हलका गाभा, अशी त्याची रचना असते. यामुळे वजन कमी राहून ताठपणा मिळतो. गाभा बाल्सा लाकडाचा, प्लायवुडचा, फोमचा, तर काही तैवानी बोटींत सागवानाच्या तुकड्यांचाही असतो. कोरडा असेपर्यंत ही रचना उत्तम. अडचण येते ती तिला पाडलेल्या प्रत्येक भोकापाशी. नांगर ओढायचे यंत्र, दोर बांधायचे खुंट, कठड्याचे खांब, झरोके यांचे स्क्रू वरचा थर भेदून गाभ्यात जातात. भोकाभोवतीचा गाभा कोरून काढून तिथे इपॉक्सी भरावी आणि मग भोक पाडावे, ही योग्य पद्धत. ती त्या काळात क्वचित पाळली गेली. बहुतेकांनी स्क्रूखाली नुसते सीलंट लावले. सीलंट काही वर्षांनी कडक होऊन सुटते, आणि मग प्रत्येक पावसात, डेक धुण्याच्या प्रत्येक बादलीबरोबर थोडे पाणी गाभ्यात जाते. तिथून बाहेर यायला त्याला वाट नसते.

सागवानी डेकने हे संकट कित्येक पटींनी वाढवले. त्या काळी फायबरग्लासच्या डेकवर सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसवत, स्क्रूच्या डोक्यावर सागाचीच गोल बुचे ठोकत आणि पट्ट्यांमधल्या फटी काळ्या रबरी लेपाने भरत. ३६ फुटी बोटीच्या डेकवर असे स्क्रू हजाराच्या घरात असतात, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे वरच्या थराला पडलेले एक भोक. नव्या पट्ट्या पुरेशा जाड असतात तोवर बुचे पक्की बसतात. पण हौशी मालक दर वर्षी डेक घासून, कधी सँडपेपर मारून पांढराशुभ्र करतात. पट्ट्या झिजत जातात, बुचे एकेक करून उडतात आणि स्क्रूचे डोके उघडे पडते. असा डेक पाहायला गेले तर ओणवे होऊन पाहावे. लेप लाकडाच्या एका कडेपासून सुटला आहे का, स्क्रूभोवती गोल काळा डाग आहे का, धुतल्यानंतर बाकीचा डेक वाळून गेला तरी एखादी फट ओलसर राहते का, ते तपासावे. जी फट सर्वांत शेवटी वाळते, तिच्याखाली पाणी साठलेले असते.

गाभ्याची तपासणी कानाने करतात. प्लास्टिकच्या किंवा फिनोलिकच्या डोक्याची लहान हातोडी घेऊन डेकवर वीतभर अंतराने ठोकत जायचे. बाजारात मडके वाजवून घेतात तसाच हा प्रकार. निरोगी भागावर टणक, छोटा, स्वच्छ आवाज येतो. थर सुटले असतील तर पोकळ, आणि गाभा कुजला असेल तर मेलेला, भद्द आवाज येतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करत गेले की थोड्या वेळात कुजलेल्या भागाचा नकाशाच डेकवर उमटतो, आणि तो जवळजवळ नेहमी एखाद्या खुंटापासून किंवा खांबापासून सुरू होतो. ओलावा मोजणारे यंत्र मदतीला असते, पण त्याच्या आकड्यावर विसंबणे चुकीचे. तांबेयुक्त रंग, आतल्या बाजूला लागून असलेली धातूची टाकी, नुकताच पडलेला पाऊस यांपैकी कशानेही आकडा चढतो. हातोडी, यंत्र आणि पाय, तिन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवावा. पायाखाली डेक किंचित दबत असेल, तर गाभ्याचा मोठा भाग आधीच गेला आहे असे समजावे. मालकाची परवानगी असेल तर खालच्या बाजूने, केबिनच्या छतातून, एक छोटे भोक पाडून गाभ्याचा नमुना घेता येतो. कोरडा बाल्सा फिकट पिवळसर भुश्यासारखा निघतो. कुजलेला गडद तपकिरी लगद्यासारखा, आणि कधी त्याच्यामागून पाण्याची धारच येते.

केबिनच्या भिंती आणि खिडक्या हा याच गोष्टीचा पुढचा भाग आहे. पुष्कळ तैवानी बोटींत केबिनच्या भिंती प्लायवुडच्या असून वर फायबरग्लासचा पातळ थर असतो, आणि खिडक्यांच्या चौकटी सागवानी असतात. चौकटीच्या खालच्या पन्हाळीत पाणी साचते आणि निचऱ्याची भोके बुजली की ते भिंतीत उतरते. आतल्या बाजूला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात लाकडाचे पॉलिश काळवंडले असेल किंवा वरचा पातळ थर लाटेसारखा उचलला गेला असेल, तर बोटाने दाबून पाहावे. बोट आत जात असेल तर नुसती खिडकी बदलून भागत नाही, भिंत उघडावी लागते. नुकताच रंगवलेला किंवा नव्या लाकडी पट्टीने झाकलेला कोपरा दिसला तर तिथे अधिक बारकाईने पाहावे.

इंधनटाक्यांचा दोषही डेकवरूनच खाली येतो. त्या काळच्या टाक्या साध्या पोलादाच्या असून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, हलला लागून बसवलेल्या असतात. डिझेल आत असल्यामुळे पोलाद आतून फारसे गंजत नाही. टाकी मरते ती बाहेरून आणि वरून. इंधन भरायचे तोंड बाजूच्या डेकवर, बहुधा सागवानी पट्ट्यांत बसवलेले असते. त्याच्याभोवतीचे सीलंट सुटले की पाणी नळीच्या बाहेरून ओघळत टाकीच्या सपाट माथ्यावर येते आणि तिथेच बसून राहते. खारे पाणी असेल तर काही वर्षांत पत्र्याची खपली निघते. वरून टाकी दिसत नाही, कारण बोट बांधताना आधी टाक्या आणि इंजिने बसवली गेली आणि मग त्यांच्यावर डेक चढवला गेला. म्हणून बॅटरी, दांडीवरचा छोटा आरसा आणि जमल्यास बारीक कॅमेरा घेऊन माथा आणि खालचे वेल्डचे जोड पाहावे लागतात. टाकीखाली डिझेलचा तेलकट डाग, शेजारच्या लाकडावर ओघळाची रेघ, किंवा नुकताच लावलेला इपॉक्सीचा जाड लेप, यांपैकी काहीही दिसले तर टाकी बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. जुनी टाकी अखंड बाहेर काढायची तर इंजिन हलवावे लागते. त्यामुळे बहुधा ती जागच्या जागी कापून तुकड्यांनी काढतात आणि तिच्या जागी दोन-तीन लहान टाक्या बसवतात. आधीच्या मालकाने हे काम नीट करून घेतले असेल, तर ती बोट शेजारच्या चकचकीत बोटीपेक्षा निश्चितच जास्त मोलाची.

पाणरेषेखालच्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी बंद करता येणारा व्हॉल्व्ह असतो. अमेरिकी बोट आणि यॉट परिषदेच्या मानकानुसार या व्हॉल्व्हने आतल्या टोकाला दिलेला ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा भार ३० सेकंद सहन केला पाहिजे, कारण वादळात एखादी जड वस्तू निसटून त्याच्यावर आदळू शकते. स्वस्त बांधणीत तिथे घरगुती नळजोडणीचे चाकाचे व्हॉल्व्ह आढळतात. त्यांत जस्ताचे प्रमाण जास्त असलेले पितळ असते आणि खाऱ्या पाण्यात जस्त निघून जाते. मागे उरतो तो गुलाबी, सच्छिद्र, बोटाने तुटणारा तांब्याचा सांगाडा. कांस्याचे व्हॉल्व्ह अशा रीतीने खचत नाहीत. प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने उघडझाप करून पाहावा. जो हलत नाही, तो आणीबाणीत असून नसल्यासारखा.

हीच गुलाबी छटा बोट ढकलणाऱ्या पंख्यावर (प्रॉपेलरवर) दिसली तर बोटीच्या विजेच्या जोडणीत किंवा जस्ताच्या संरक्षक तुकड्यांच्या देखभालीत गडबड आहे. पंख्याचा शाफ्ट हाताने वरखाली हलवून रबरी बेअरिंगमधली फट पाहावी, सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. स्टेनलेस स्टीलबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते गंजत नाही असे नव्हे. त्याला चकाकी टिकवायला हवा लागते. लाकडात किंवा सीलंटखाली कोंडलेल्या पाण्यात त्याला प्राणवायू मिळत नाही आणि ते आतून खड्डे पडत खाल्ले जाते. म्हणून कठड्याच्या खांबाचा वरचा भाग चमकत असला तरी डेकमध्ये गाडलेला बोल्ट तपासल्याशिवाय त्याच्यावर भार टाकू नये.

इंजिनाच्या खोलीत शिरताच आधी मोकळी जागा पाहावी. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणसाला गुडघ्यावर बसता येते का, बाहेरच्या बाजूचे फिल्टर आणि पंप हाताला येतात का, याला फार महत्त्व आहे. जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल होत नाही, मग इंजिन कोणतेही असो. या पिढीच्या बोटींत सर्वाधिक आढळणारे इंजिन म्हणजे फोर्डच्या डिझेल इंजिनावरून लेहमन या कंपनीने समुद्रासाठी तयार केलेले १२० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे फोर्ड लेहमन. ते साधे आणि दीर्घायुषी आहे. मात्र त्याच्या इंधनपंपाला स्वतंत्र तेल असते आणि ते दर ५० तासांनी बदलावे लागते. हा पंप कोणी आणि केव्हा तपासला, हे विचारल्यावर मालकाला लगेच उत्तर देता आले आणि नोंदवही समोर ठेवता आली, तर बाकीच्या देखभालीबद्दलही भरवसा वाटतो. तास कमी आहेत ही नेहमीच जमेची बाजू नसते. वर्षानुवर्षे धक्क्याला बांधून ठेवलेले डिझेल इंजिन ओलाव्याने आणि गंजाने झिजते, तर नियमित चाललेले हजारो तास टिकते.

१२० अश्वशक्ती पुरेशी का असते, याचे कारण बोटीच्या घाटात आहे. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीच्या वेगाला पाणरेषेवरच्या लांबीची मर्यादा असते. ही लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ १.३४ ने गुणले की तो वेग नॉटमध्ये येतो. ३६ फुटांच्या पाणरेषेला सुमारे ८ नॉट. त्यापलीकडे जायचे तर इंधन भरमसाट जळते आणि वेग किंचित वाढतो. जेम्स क्रोगेन यांनी आखलेली क्रोगेन ४२ याच जातीची, गोलसर तळाची आहे. ग्रँड बँक्सचा तळ मागे थोडा सपाट असल्याने तिला जास्त ताकद दिली तर ही मर्यादा काहीशी ओलांडता येते.

विजेच्या तारा बहुतेक जुन्या बोटींत अनेक मालकांनी अनेकदा वाढवलेल्या असतात. खऱ्या धोक्याची एक जागा म्हणजे किनाऱ्यावरून १२० व्होल्टची वीज घ्यायचे तोंड. तिथल्या पितळी पट्ट्या तापून काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळले असेल तर बोटीला आग लागण्याची पूर्वतयारीच झालेली असते. घरगुती वायरिंगचे टोपीवजा जोड आणि आधार न देता लोंबकळणाऱ्या तारा दिसल्या तर संपूर्ण वायरिंग बदलायची तयारी ठेवावी. रडार, चार्टप्लॉटर वगैरे यंत्रे जुनी आहेत की नवी याने बोटीचे मोल फारसे बदलत नाही.

लाकडी हलच्या जुन्या ग्रँड बँक्स घ्यायच्या तर लाकडी बोटींचाच सर्व्हेअर, म्हणजे व्यावसायिक तपासनीस, लागतो. फळ्या धरून ठेवणारे स्क्रू नमुन्यादाखल काढून पाहणे, फासळ्यांच्या टोकांशी टोचणी लावून कूज शोधणे, नाळ आणि कणा यांच्या जोडाशी थांबून पाहणे, हे काम फायबरग्लासच्या अनुभवावर करता येत नाही.

शेवटी बोट समुद्रात न्यावी. त्या सकाळी खरेदीदार पोचण्याआधी इंजिन चालू केलेले नसावे. पोचताच ब्लॉकवर तळहात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर निघणे साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावर तो थांबला पाहिजे. काळा धूर म्हणजे इंजिनावर जास्त भार, निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. मग पूर्ण वेग द्यावा. फोर्ड लेहमन १२० ने मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या जवळ जायला हवे. ते जात नसेल तर तळ शेवाळला आहे, पंखा प्रमाणापेक्षा मोठा आहे किंवा इंजिन थकले आहे. नेहमीची चाल १६०० ते १८०० फेऱ्यांची असल्यामुळे तापमानवाढीचा दोष संथ प्रवासात लपून राहतो. पूर्ण वेगात दहा मिनिटे ठेवले की उष्णता घालवणारे भाग चोंदले आहेत का ते कळते. याच वेळी एकाने जमिनीच्या फळ्या उचलून तळाच्या खळग्यात पाहत राहावे. शाफ्टच्या जोडातून चालताना थेंब थेंब पाणी येणे ठीक, धार येणे नव्हे. परतताना लाट आडवी घेऊन केबिनमध्ये उभे राहून ऐकावे. दारे आणि आडव्या भिंती करकरत असतील, तर भिंतींना हलशी जोडणाऱ्या फायबरग्लासच्या पट्ट्या सुटल्या आहेत का, ते कपाटे रिकामी करून पाहावे लागते.

इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात लोखंड आणि तांब्याचे कण किती आहेत यावरून झीज, आणि सोडियम आहे का यावरून समुद्राचे पाणी किंवा शीतकद्रव तेलात मिसळते आहे का, ते समजते. तेल गेल्याच आठवड्यात बदलले असेल तर या चाचणीला अर्थ राहत नाही, म्हणून बदलाची तारीख आधी विचारावी.

अमेरिकेत ही सगळी तपासणी खरेदीदाराने नेमलेला स्वतंत्र सर्व्हेअर करतो. सर्व्हेअरांच्या सॅम्स आणि नॅम्स या दोन व्यावसायिक संघटना आहेत आणि विमा कंपन्या साधारणतः त्यांच्या सदस्यांचा अहवाल मागतात. हलचा आणि इंजिनाचा सर्व्हेअर वेगळा असणे बरे. विक्रेत्याच्या दलालाने सुचवलेला माणूस घेणे टाळावे. सौदा तपासणीच्या अटीवर होतो. खरेदीदार सहसा किमतीच्या १० टक्के रक्कम आगाऊ ठेवतो, आणि अहवाल पाहून तो बोट स्वीकारतो, नाकारतो किंवा दोषांच्या प्रमाणात किंमत कमी करून मागतो. व्हॉल्व्ह, वायरिंग, खिडकीची एखादी चौकट, उथळ फोड ही किमतीत भागणारी कामे. डेकचा बहुतांश गाभा कुजलेला, हलचे थर सुटलेले आणि टाक्या गळक्या, असे तिन्ही एकाच बोटीत आढळले, तर दुरुस्तीचा खर्च त्याच जातीच्या चांगल्या बोटीच्या किमतीवर जातो आणि आगाऊ रक्कम परत घेऊन दुसरी बोट पाहणे शहाणपणाचे ठरते.